मंत्रचळ : शिस्त, शंका आणि शेवटचा उपाय

दुकानाचे शटर खाली ओढल्यावर कुलूप एकदा ओढून पाहणे, गल्ल्यातील रोकड दोनदा मोजणे, रोजमेळ जुळल्याशिवाय घरी न जाणे, या सवयी व्यापारी कुटुंबात लहानपणापासून अंगवळणी पडतात. त्याचप्रमाणे पाणी गाळून घेणे, सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणे, पायाखाली पाहून चालणे, हे संस्कार जैन घरात मुद्दाम शिकवावे लागत नाहीत. काळजी आणि शिस्त हे दोन्ही गुणच आहेत. परंतु या गुणांच्या आड एखादा आजार वाढत असेल, तर तो घरातील माणसांच्या लवकर लक्षात येत नाही. उलट पहिली काही वर्षे त्याचे कौतुकच होते.

या आजाराला वैद्यकशास्त्रात ‘ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर’ किंवा थोडक्यात ओसीडी म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘मंत्रचळ’ हा नेमका शब्द आहे. जगभरातील पाहण्यांनुसार शंभरातील दोन ते तीन माणसांना आयुष्यात केव्हातरी हा आजार होतो. बहुतेकांना तो किशोरवयात किंवा विशीच्या आसपास जडतो. औषधे आणि वर्तनोपचार यांनी त्यांतील पुष्कळ जण बरे राहतात. काही थोड्यांचा आजार मात्र सर्व उपचारांना दाद देत नाही. अशांसाठी ‘डीप ब्रेन स्टिम्युलेशन’, म्हणजे मेंदूच्या खोल भागात बारीक तार बसवून सौम्य विद्युत-स्पंदने देण्याची शस्त्रक्रिया, हा शेवटचा मार्ग आज उपलब्ध आहे. दहाणू आणि तलासरी तालुक्यांतील कुटुंबांना हा मार्ग फार दूरचा वाटेल. प्रत्यक्षात ही शस्त्रक्रिया करणारे रुग्णालय पश्चिम रेल्वेच्या याच मार्गावर, मुंबईत आहे. खरे अंतर निराळेच असते. घरात आजार ओळखला जाण्यापासून पहिल्या उपचारापर्यंतचे अंतर बहुतेकांना सर्वांत जड जाते.

आजार कोठे सुरू होतो

मंत्रचळाची दोन अंगे असतात. पहिले अंग म्हणजे मनात पुन:पुन्हा घुसणारा, नकोसा वाटणारा विचार. हाताला घाण लागली असेल, कुलूप उघडे राहिले असेल, आपल्या हातून कोणाला इजा झाली असेल, देवासमोर मनात अभद्र शब्द आला असेल. दुसरे अंग म्हणजे त्या विचाराची अस्वस्थता शमविण्यासाठी केलेली कृती. हात धुणे, तपासणे, मोजणे, मनातल्या मनात शब्द घोकणे, घरच्यांना तोच प्रश्न विचारून खात्री करून घेणे. कृती केल्यावर क्षणभर बरे वाटते. पण त्या बरे वाटण्यामुळेच विचार अधिक जोराने परत येतो आणि चक्र चालू राहते.

विशेष म्हणजे, रुग्णाला बहुधा हे सारे अनावश्यक आहे याची जाणीव असते. त्याला वेड लागलेले नसते आणि त्याची बुद्धी शाबूत असते. दुकानात बसलेला माणूस गिऱ्हाइकाशी व्यवस्थित बोलतो, भाव चोख सांगतो. मात्र रात्री दुकान बंद करताना तो कुलूप वीस वेळा ओढतो, अर्ध्या रस्त्यातून परत येतो, घरी पोहोचल्यावर मुलाला पुन्हा पाहायला पाठवतो. चिकूच्या पेट्यांची गणती तीनदा झाली तरी चौथ्यांदा करतो, आणि तोवर माल न्यायला आलेली गाडी खोळंबते. ‘मालक फार चोख आहेत,’ असे नोकर म्हणतात. घरच्यांना मात्र त्यांची रात्रीची जेवणे किती वाजता होतात हे ठाऊक असते.

सवय आणि आजार यांतील फरक वेळेवरून आणि त्रासावरून कळतो. विचार आणि कृती यांत रोजचा एक तासाहून अधिक वेळ जात असेल, किंवा त्यामुळे काम, शिक्षण, झोप वा नातेसंबंध बिघडत असतील, तर तो आजार समजून डॉक्टरांना दाखवावे, असा वैद्यकातील सर्वसाधारण निकष आहे. आजाराची तीव्रता मोजण्यासाठी ‘येल-ब्राऊन’ नावाची प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्यात शून्य ते ४० गुण असतात. १६ ते २३ गुण मध्यम, २४ ते ३१ तीव्र आणि त्यापुढे अतितीव्र आजार दर्शवितात.

धर्माचरण आणि आजार

हा आजार ज्या घरात जातो त्या घराची भाषा बोलतो. व्यापाऱ्याच्या मनात तो हिशेबाची शंका होऊन येतो, तर श्रद्धाळू माणसाच्या मनात पापाची शंका होऊन येतो. ख्रिस्ती, ज्यू, मुस्लिम, हिंदू अशा सर्वच समाजांत धार्मिक स्वरूपाचा मंत्रचळ आढळतो. जैन घरात तो जीवहिंसेच्या भयाचे, अशुद्धतेच्या भयाचे किंवा सूत्र चुकल्याच्या भयाचे रूप घेऊ शकतो.

सामायिकाचा काळ दोन घटिकांचा, म्हणजे ४८ मिनिटांचा. एखाद्या तरुण मुलीला प्रत्येक वेळी वाटते की एक अक्षर चुकले, मन भटकले, म्हणून पुन्हा आरंभ करावा. ४८ मिनिटांचे सामायिक तीन तासांचे होते. घरातील वडीलधारी माणसे तिच्या धर्मप्रेमाचे कौतुक करतात. ती मात्र धर्मातून समाधान नव्हे, तर भीतीच मिळवीत असते. दुसऱ्या घरात एखादी गृहिणी गाळलेले पाणी पुन:पुन्हा गाळते, धान्य निवडताना एक किडा मेला असेल या शंकेने दिवसभर रडते आणि शेवटी स्वयंपाकघरात पाय ठेवण्याचेच टाळते.

येथे धर्माची शिकवण आणि आजार यांतील भेद स्पष्ट आहे. जैन विचारात हिंसेचा दोष प्रमादाशी, म्हणजे बेफिकिरीशी जोडलेला आहे. श्रावकाने जयणा पाळावी, म्हणजे सावधपणे वागावे, ही अपेक्षा आहे. संसारी माणसाने सूक्ष्म जीवांच्या प्रत्येक हानीची शंभर टक्के खात्री करून घ्यावी, ही अपेक्षा नाही. गुरूंसमोर आलोचना केली, त्यांनी प्रायश्चित्त दिले आणि ते पार पाडले, की तो विषय तेथे संपतो. मंत्रचळात तो कधीच संपत नाही. प्रायश्चित्तावर शंका येते, त्या शंकेचे पुन्हा प्रायश्चित्त मागितले जाते. जेथे आलोचनेने मन हलके होत नाही आणि नियमांची संख्या मात्र सारखी वाढत राहते, तेथे मानसोपचारतज्ज्ञाची गरज आहे, असे समजण्यास हरकत नाही. पूज्य साधु-साध्वींनी अशा वेळी ‘एकदाच म्हण, पुन्हा म्हणू नकोस’ असे सांगितले, तर त्यांचा शब्द उपचाराला मोठा आधार ठरतो.

घरातील माणसांची मदत मात्र पुष्कळदा उलटी पडते. ‘कुलूप लावले आहे ना?’ या प्रश्नाला पंधरा वेळा ‘हो’ म्हणणे, तिच्यासाठी वेगळी बादली ठेवणे, बाहेरून आलेल्या सर्वांनी आधी कपडे बदलणे, हे सारे प्रेमापोटी होते. पण त्याने आजाराला खतपाणी मिळते. हळूहळू एका माणसाच्या भीतीप्रमाणे सगळे घर चालू लागते. घरच्यांनी ही साथ अचानक तोडू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने, रुग्णाला सांगून, एकेक गोष्ट कमी करावी.

उपचाराच्या पायऱ्या

पहिली पायरी औषधांची. मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावर परिणाम करणारी फ्लुऑक्झेटिन, सर्ट्रालिन, फ्लुव्हॉक्झामिन यांसारखी औषधे या आजारात दिली जातात. नैराश्यापेक्षा मंत्रचळात त्यांचा डोस सामान्यत: अधिक लागतो आणि पूर्ण परिणाम दिसण्यास १० ते १२ आठवडे जातात. महिनाभरात गुण आला नाही म्हणून औषध सोडणारे रुग्ण येथेच चुकतात. क्लोमिप्रामिन हे जुने औषधही प्रभावी आहे.

दुसरी पायरी वर्तनोपचाराची. भीती वाटणाऱ्या गोष्टीला मुद्दाम, टप्प्याटप्प्याने सामोरे जायचे आणि त्यानंतरची ठरलेली कृती करायची नाही, असे या उपचाराचे सूत्र आहे. कुलूप एकदाच ओढायचे आणि अस्वस्थता आपोआप उतरेपर्यंत थांबायचे. ऐकायला सोपा वाटणारा हा उपचार रुग्णाला फार कठीण जातो. म्हणून तो जाणकार मानसशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली, ठरावीक बैठकांत करावा लागतो. औषधे आणि वर्तनोपचार एकत्र दिल्यास पुष्कळ रुग्ण कामधंद्यात आणि संसारात पूर्ववत रमतात.

तरीही गुण न आल्यास डॉक्टर औषध बदलतात, त्याला दुसऱ्या औषधाची जोड देतात. डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंदने देण्याच्या एका पद्धतीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये या आजारासाठी मान्यता दिली. या सर्व पायऱ्या चढून झाल्यावरही आजार अतितीव्र राहिला, तरच मेंदूतील शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो. सर्वसाधारणपणे आजाराला पाच वर्षांहून अधिक काळ झालेला असावा, किमान तीन औषधे पुऱ्या डोसात आणि पुऱ्या मुदतीत घेऊन पाहिलेली असावीत, वर्तनोपचार मनापासून केलेला असावा आणि येल-ब्राऊनचे गुण २८ ते ३० च्या पुढे असावेत, अशा अटी तज्ज्ञ घालतात.

विद्युत-स्पंदनांचा शोध

मनाच्या आजारासाठी मेंदूवर शस्त्रक्रिया म्हटली की अंगावर काटा येतो, आणि त्यामागे इतिहास आहे. पोर्तुगालचे एगास मोनिझ यांनी १९३५ मध्ये मेंदूच्या पुढील भागातील तंतू तोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. त्यासाठी त्यांना १९४९ मध्ये नोबेल पारितोषिकही मिळाले. पुढे अमेरिकेत हीच शस्त्रक्रिया सरसकट, पुष्कळदा रुग्णाची खरी संमती न घेता केली गेली आणि हजारो माणसांचे व्यक्तिमत्त्वच पुसले गेले. औषधे आल्यावर ती मागे पडली, पण तिची भीती राहिली.

आजची पद्धत मुळातच निराळी आहे. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे डॉ. आलिम-लुई बेनाबिद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये हातांच्या कंपावर वेगवान विद्युत-स्पंदनांचा उपयोग करून दाखविला. मेंदूचा भाग न तोडता त्याचे काम आवरता येते, हे त्यातून सिद्ध झाले. पार्किन्सनच्या आजारात ही पद्धत आज जगभर रूढ आहे. बेल्जियममधील लुव्हेन येथील डॉ. बार्ट नटीन यांच्या गटाने हीच पद्धत मंत्रचळाच्या अतितीव्र रुग्णांवर वापरली आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पहिल्या चार रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांपैकी तिघांना लाभ झाला होता.

मंत्रचळात मेंदूचा पुढील भाग, त्याखालील गाभ्याचा भाग आणि थॅलॅमस यांना जोडणारे वर्तुळ अतिक्रियाशील झालेले असते. ‘काहीतरी चुकले’ हा इशारा त्या वर्तुळात वाजतच राहतो. काम पूर्ण झाले, आता पुढे जा, ही खूण मिळत नाही. विद्युत-स्पंदने या वर्तुळाची बिघडलेली लय आवरतात.

शस्त्रक्रियेत प्रथम एमआरआयच्या साहाय्याने मेंदूतील नेमकी जागा ठरवितात. डोक्याला धातूची चौकट बसवून, कवटीला लहान छिद्रे पाडून, दोन्ही बाजूंना सुमारे सव्वा मिलिमीटर जाडीच्या तारा त्या जागेपर्यंत सोडतात. या तारा त्वचेखालून मानेपर्यंत आणि तेथून गळपट्टीच्या हाडाखाली बसविलेल्या बॅटरीयुक्त यंत्रापर्यंत नेल्या जातात. हृदयाच्या पेसमेकरसारखेच हे यंत्र असते. ते सेकंदाला साधारण १३० स्पंदने देते. स्पंदनांची तीव्रता डॉक्टर बाहेरून कमीजास्त करू शकतात, गरज पडल्यास यंत्र बंद करता येते आणि काढताही येते.

लाभ किती, धोका किती

फ्रान्समध्ये १६ रुग्णांवर केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यंत्र काही महिने चालू आणि काही महिने बंद ठेवण्यात आले. ते केव्हा चालू आहे हे रुग्णाला सांगितले नव्हते. चालू असताना येल-ब्राऊनचे सरासरी गुण १९ होते, बंद असताना २८. पुढच्या वर्षी, २००९ मध्ये, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने थोड्या रुग्णांसाठीच्या खास सवलतीखाली या उपचाराला परवानगी दिली. अशा सवलतीत सुरक्षितता आणि संभाव्य लाभ पाहिला जातो. मोठ्या चाचण्यांचा पूर्ण पुरावा तिच्यासाठी लागत नाही, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. साडेतीनशेच्या आसपास रुग्णांच्या अनुभवांचा एकत्रित आढावा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांना लक्षणीय लाभ झाल्याचे दिसले.

‘लक्षणीय लाभ’ या शब्दांचा हिशेब नीट समजून घ्यायला हवा. गुण ३५ टक्के किंवा अधिक उतरले, तर लाभ झाला असे मानतात. ३४ गुणांचा रुग्ण २२ वर आला, तर तो या व्याख्येत बसतो. तरीही २२ गुण म्हणजे मध्यम आजार शिल्लकच आहे. मात्र दिवसाचे दहा तास न्हाणीघरात घालविणारा माणूस जर दोन तासांवर आला, तर त्याच्या आयुष्यात दुकान, मुले आणि जेवणाचे ताट परत येते. पूर्ण बरे होण्याची अपेक्षा धरून येणारे कुटुंब निराश होईल. जगता येण्याइतकी मोकळीक मागणारे कुटुंब बहुधा समाधानी होईल.

धोकेही आहेत. मेंदूत रक्तस्राव होण्याची शक्यता थोडी, पण खरी असते. जखमेत वा यंत्राच्या जागी संसर्ग झाल्यास यंत्र काढावे लागते. स्पंदने वाढविल्यावर काहींना अवाजवी उत्साह, चिडचिड, बेफिकीर खर्च अशी लक्षणे दिसतात, आणि व्यापारी कुटुंबाने याकडे विशेष लक्ष ठेवावे. ती दिसताच डॉक्टरांना कळविल्यास स्पंदने कमी करता येतात. योग्य तीव्रता सापडण्यास कित्येक महिने लागतात. एमआरआय करण्यापूर्वी यंत्राची माहिती द्यावी लागते आणि शेक देण्याचे काही विद्युत-उपचार पूर्णपणे वर्ज्य असतात. शस्त्रक्रियेनंतरही वर्तनोपचार चालू ठेवावा लागतो. अॅमस्टरडॅम येथील अनुभव असा, की यंत्राने भीतीचा जोर उतरल्यावर, पूर्वी अशक्य वाटणारा वर्तनोपचार रुग्णाला जमू लागतो आणि खरी सुधारणा त्यातून पुढे जाते.

संमती कोणाची

मुंबईच्या पेडर रोडवरील जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी गेली अनेक वर्षे ही शस्त्रक्रिया, मुख्यत: पार्किन्सनच्या रुग्णांसाठी, करीत आले आहेत. मंत्रचळावरील शस्त्रक्रियांविषयी त्यांनी २००९ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सायकिअॅट्री’मध्ये सविस्तर लेख लिहिला होता. त्यानंतर देशात मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ आला आणि या विषयाला कायद्याची चौकट मिळाली.

या कायद्याच्या कलम ९६ नुसार मानसिक आजारासाठी मेंदूवर शस्त्रक्रिया करायची असेल, तर दोन गोष्टी आवश्यक आहेत. ज्या व्यक्तीवर शस्त्रक्रिया होणार आहे तिची स्वत:ची, सर्व माहिती समजून घेऊन दिलेली संमती, आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची परवानगी. जसलोकमध्ये २०२३ साली तीव्र नैराश्याच्या एका ऑस्ट्रेलियन महिला रुग्णावर ही शस्त्रक्रिया झाली. तिच्यासाठी अशी परवानगी घ्यावी लागली होती आणि ती मिळण्यास कित्येक महिने लागले. नव्या कायद्याखालील देशातील अशी पहिली शस्त्रक्रिया म्हणून वृत्तपत्रांनी तिची नोंद केली.

एकत्र कुटुंबात मोठे निर्णय वडीलधारे घेतात. दुकान कोठे काढायचे, विवाह कोठे ठरवायचा, शस्त्रक्रिया करायची की नाही, हे बाबा किंवा मोठे काका ठरवितात. या एका बाबतीत कायदा कुटुंबाला थांबवितो. सुनेच्या वतीने सासरे, मुलाच्या वतीने वडील ही संमती देऊ शकत नाहीत. कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधीची तरतूद आहे. बँकेच्या खात्यावर नामनिर्देशन केल्याने जसा वारस मालक होत नाही, तसाच हा प्रतिनिधी निर्णयात साहाय्य करतो, मालक होत नाही. पूर्वनिर्देशाचीही तरतूद आहे. आपल्याला मानसिक आजारात कोणता उपचार हवा व कोणता नको, हे कोणीही सज्ञान व्यक्ती आधीच लिहून ठेवू शकते. लोबोटॉमीचा इतिहास आठवला, म्हणजे हे दार इतके अरुंद का ठेवले आहे ते कळते.

याचा दुसरा अर्थही घरांनी समजून घ्यावा. ज्या माणसाकडून उद्या इतकी मोठी संमती घ्यावी लागेल, त्याच्यापासून आज आजाराचे नाव लपवून चालणार नाही. ‘शक्तीच्या गोळ्या’ म्हणून औषध देणे, विवाह ठरेपर्यंत डॉक्टरांकडे न नेणे, विवाहानंतर नववधूच्या माथी सगळा भार टाकणे, या गोष्टी पुष्कळ घरांत घडतात. त्यात रुग्णाची वर्षे जातात आणि दुसऱ्या घराचा विश्वासही जातो.

खर्च आणि विमा

गोळ्यांचा मासिक खर्च बहुतेक कुटुंबांना झेपण्यासारखा असतो. शस्त्रक्रियेचे तसे नाही. यंत्र परदेशी बनावटीचे असल्याने खर्च रुग्णालय व यंत्राच्या प्रकारानुसार बहुधा दहा लाख रुपयांच्या घरात किंवा त्यापुढे जातो. मंत्रचळात पार्किन्सनपेक्षा स्पंदनांची तीव्रता अधिक लागते, म्हणून साधी बॅटरी लवकर संपते आणि ती बदलण्याची लहान शस्त्रक्रिया काही वर्षांनी पुन्हा करावी लागते. पुनर्भारित होणारी बॅटरी महाग असली तरी अनेक वर्षे टिकते. दोन्हींचा पंधरा वर्षांचा खर्च मांडूनच निवड करावी. पहिल्या बिलाचा आकडाच पाहिला, तर हिशेब चुकेल.

२०१७ च्या कायद्याने मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमासंरक्षण देणे विमा कंपन्यांना बंधनकारक केले आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची जी यादी दिली, तिच्यात डीप ब्रेन स्टिम्युलेशनचा समावेश आहे. मात्र अशा उपचारांवर रकमेची उपमर्यादा घालण्याची मुभा कंपन्यांना आहे. पाच लाखांच्या पॉलिसीत या उपचाराला किती रक्कम मिळेल, हे पॉलिसीच्या अटींत पाहावे. आधीपासून असलेल्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३६ महिने असतो. पॉलिसी घेताना आजार लपविला, तर दावा नाकारला जाण्याची शक्यता असते. संकोचापोटी रिकामा सोडलेला रकाना येथे लाखांना पडतो.

दहाणू-तलासरीच्या घरांसाठी

एप्रिल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत उपनगरी गाडी येते. चर्चगेटपर्यंतचे १२४ किलोमीटरचे अंतर व्यापाऱ्यांना नवे नाही. तलासरी महामार्गावर, गुजरातच्या सीमेला लागून आहे. तेथील कुटुंबे वापी, सिल्वासा, वलसाडकडेही उपचारासाठी जातात. म्हणजे मार्ग दोन्ही दिशांना आहेत. पहिल्या तपासणीसाठी मात्र इतक्या लांब जाण्याची गरज नाही. डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय किंवा तलासरीचे ग्रामीण रुग्णालय येथे मानसोपचाराच्या सेवेविषयी आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाविषयी चौकशी करता येते. ठाण्यात १९०१ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ठाण्यातच ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्याचे काम करीत आहे. मुंबईत केईएम, नायर, शीव या महापालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. १४४१६ हा केंद्र शासनाचा ‘टेली-मानस’ दूरध्वनी क्रमांक २०२२ पासून चोवीस तास विनामूल्य चालू आहे. गावात कोणी पाहील, या संकोचाने जे डॉक्टरांकडे जात नाहीत, त्यांना घरातूनच पहिला संवाद साधता येतो.

डॉक्टरांकडे जाताना एक वही सोबत न्यावी. त्रास केव्हा सुरू झाला, रोज किती वेळ जातो, कोणती औषधे कोणत्या डोसात किती आठवडे घेतली, ती का सोडली, वर्तनोपचाराच्या किती बैठका झाल्या, हे तारखेसह लिहून ठेवावे. पुढे शस्त्रक्रियेचा विचार करण्याची वेळ आलीच, तर तज्ज्ञ आणि मंडळ हाच तपशील प्रथम मागतात. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चोपड्या सांभाळल्या जातात, तेथे ही वही ठेवणे कठीण नाही. बहुतेकांना त्या वहीचा उपयोग शस्त्रक्रियेसाठी होणारही नाही. नीट नोंदी पाहून डॉक्टरांनी औषधाचा डोस वाढविला, वर्तनोपचार सुरू केला, आणि तेवढ्यानेच माणूस सावरला, असे पुष्कळदा घडते.

मंत्रचळाच्या रुग्णाचा स्वभाव हट्टी नसतो, त्याची श्रद्धा खोटी नसते आणि तो आळशी तर मुळीच नसतो. न थांबणाऱ्या इशाऱ्याशी तो दिवसभर झगडत असतो. दहाणूच्या बाजारातील एखाद्या दुकानाचे शटर रात्री उशिरापर्यंत अर्धे उघडे दिसले, किंवा देरासरात एखादी मुलगी तीच माळ पुन:पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरू करताना दिसली, तर तिची वाहवा करण्यापूर्वी किंवा त्याला हसण्यापूर्वी शेजारच्याने हळूच विचारावे, ‘त्रास होतो का?’ या प्रश्नाला विद्युत-यंत्र लागत नाही, मंडळाची परवानगीही लागत नाही.